शहरातून एका एकरावर: पहिल्या वर्षाच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

सामान उतरवलं. जागा एक एकर, उताराची. वरच्या अंगाला मुरमाड, खाली चिकण काळी. मधोमध मातीच्या भिंतींचं जुनं घर, वर पत्रा. बांधावर थोडी जुनी झाडं, बाकी सगळं गवत. शहर का सोडलं ते इथे लिहीत बसत नाही. ज्यांना सोडायचंय त्यांच्याकडे स्वतःची कारणं असतातच, त्यांना कामाचा तपशील हवा असतो.

आमच्यापैकी एकाची नोकरी अजून चालू आहे, अर्धवेळ, घरून. हे मुद्दाम. जमिनीने पहिल्याच वर्षी पोसावं अशी अपेक्षा ठेवली की घाईची कामं होतात.

एक नियम ठरवलाय. जे काम नंतर मागे घेता येतं ते लगेच सुरू करायचं. जे घेता येत नाही ते एक पावसाळा बघून. आच्छादन, वाफे, कंपोस्ट, अवजारांवर हात बसवणं हे पहिल्या गटात. चर, तळं, कायमची झाडं, बांधकाम दुसऱ्यात.

१९ जानेवारी

अवजारांचा हिशेब आधीच बिघडलाय. इथे यायच्या आधी, जमीन न बघता, यादी करून खरेदी केली होती. अवजारांसाठी ठेवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त गवत कापायचा ब्रशकटर आणि खड्डे पाडायच्या पेट्रोल ऑगरमध्ये गेले. ऑगर मुरमात वीतभर जातो, दगड लागला की अडकतो आणि मनगटाला जोराचा झटका देतो. तोच खड्डा पहारीने आणि घमेल्याने सावकाश, पण नक्की होतो. ऑगर विकायला काढलाय. रोज हातात असतं ते हे: कुदळ, फावडं, पहार, खुरपं, विळा, कोयता, दोन घमेली. आणि कानस, जी यादीत नव्हतीच.

धार लावायला शिकणं ही इथली पहिली विद्या. कानस पुढे ढकलताना कापते. मागे ओढताना दाबली तर तिचेच दात जातात, म्हणून मागे आणताना उचलायची. धारेचा कोन सापडत नव्हता. उपाय सोपा निघाला: धारेची तिरकी बाजू काळ्या मार्करने रंगवायची आणि एकदा कानस फिरवायची. शाई फक्त वरच्या कडेला पुसली तर कोन जास्त उभा, फक्त मागच्या बाजूला पुसली तर जास्त झोपलेला. सगळीकडून सारखी पुसली गेली की तोच कोन शेवटपर्यंत धरायचा. पलीकडच्या बाजूला बोटाला खरखर लागली की थांबायचं आणि ती कड दगडावर पाणी टाकून उतरवायची.

कुदळीचा दांडा सारखा निघत होता. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर घट्ट बसला आणि दोन दिवसांत आधीपेक्षा सैल झाला. लाकूड ओलं असताना फुगतं, सुकलं की आक्रसतं, आणि फुगताना कडेचे तंतू चिरडले गेले की परत तेवढं भरत नाही. शेवटी पूर्ण वाळलेल्या लाकडाचा नवा दांडा, रेषा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, आणि वरून पाचर ठोकली. अजून हललेला नाही.

२ फेब्रुवारी

मातीची तपासणी, स्वतःच्या हाताने. वर, मध्ये आणि खाली असे हातभर खोल खड्डे घेतले, पाण्याने भरले, जिरू दिले आणि मग पुन्हा भरून मोजलं. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून दुसऱ्या भरण्याचंच माप धरायचं. वरचा खड्डा तासाच्या आत रिकामा. खालच्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं.

मग बरणी. तळाशी माती, वर पाणी, चमचाभर भांडी घासायचा साबण, जोरात हलवून फळीवर ठेवायची. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवस घेते. थर पट्टीने मोजले की अंदाज येतो. आमच्या खालच्या मातीत निम्म्याच्या आसपास चिकणमाती निघाली.

या फुकटच्या तपासणीने कागदावरचा सगळा आराखडा उलटा केला. आराखड्यात तळं वर होतं, म्हणजे पाणी आपोआप खाली वाफ्यांना मिळेल. वर पाणी टिकणारच नाही. भाजीचे वाफे खाली होते. तिथे पावसात मुळं कुजतील. वाफे घराच्या वरच्या बाजूला न्यायचे ठरलं, तळ्याचा विषय बंद. आराखडा घरी बसून काढताना आम्ही बरेच शनिवार-रविवार घातले होते. तो वेळ गेला.

१६ फेब्रुवारी

पहिला कंपोस्टचा ढीग महिनाभर तसाच पडून आहे. गुडघाभर उंच, सगळा वाळका पाला. वरचा पाला आजही कुरकुरीत. तीन कारणं: ढीग लहान म्हणून उष्णता धरत नाही, हिरवं किंवा शेण जवळजवळ नाही म्हणून नत्र नाही, आणि आतून कोरडा. तो मोडून आच्छादनाला वापरतोय. वाया काही गेलं नाही, फक्त महिना.

९ मार्च

दुसरा ढीग. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी मीटरभर. याहून लहान केला तर तापत नाही. वाळका पाला, हिरवं गवत, शेण असे थर, प्रत्येक थर ओला करत. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं, पण पाल्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत बसत नाही. आम्ही आकारमानाने दोन-तीन भाग वाळकं, एक भाग हिरवं आणि शेण असं धरलं. ओलावा तपासायला मूठ दाबायची: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त.

चौथ्या दिवशी आतलं तापमान ६५ अंश सेल्सिअस. ५५ ते ६५ मध्ये तणाचं बी मरतं. त्यानंतर ते ७० च्या पुढे गेलं आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येऊ लागला. तो वास म्हणजे नत्र हवेत उडून जातंय, आपण वाहून आणलेलं शेण उडून जातंय. ढीग उलथला, वाळका पाला मिसळला, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. वास दुसऱ्या दिवशी गेला. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवायची, दहा मिनिटांनी ओढून हातात धरायची. धरवत नसेल तर ढीग चालू आहे.

६ एप्रिल

पाण्याची टाकी आणि ठिबक, दोन्हीचं एकत्रच लिहितो, कारण घोटाळा एकच होता.

१००० लिटरची टाकी विटांच्या ठोकळ्यांवर दीड मीटर उंच बसवली. भरेपर्यंत सगळं ठीक. भरत आली तसा एक पाय मातीत रुतला आणि टाकी कलली. १००० लिटर म्हणजे सरळ एक टन वजन, तेही चार छोट्या टेकूंवर. घाईने रिकामी केली, त्यात खालचा जोड मोडला. नशीब, दिवस होता आणि खाली कुणी नव्हतं.

पाया नीट करून टाकी परत उभी केली, तर ठिबक चालेना. ओळीतले पहिले काही थेंब टाकणारे, पुढचे कोरडे. नळीत कचरा आहे असं समजून आम्ही सगळ्या नळ्या धुतल्या, त्यात एक रविवार गेला. कारण वेगळं होतं. बाजारातली बरीचशी ठिबकची तोंडं साधारण एक बार दाबासाठी बनवलेली असतात. एक बार म्हणजे जवळपास दहा मीटर उंचीचं पाणी. दीड मीटर उंचीच्या टाकीतून मिळतो ०.१५ बार.

उपाय असा केला. टाकी स्टँडवरून काढून वाफ्यांच्याही वर, उताराच्या टोकाला नेली. तिथे मुरमापर्यंत खणून दगड ठोकून सपाट बैठक केली. आता टाकी जमिनीवरच आहे, तरी वाफ्यांपेक्षा चार मीटर वर. म्हणजे स्टँडवर खर्च झालेले पैसे वाया. ठिबकची तोंडं काढून जाड नळीला स्वतः भोकं पाडली, ओळी अर्ध्या केल्या आणि मुख्य नळी मधून नेली, म्हणजे पाण्याला दोन्हीकडे कमी अंतर जावं लागतं. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर. वेलींच्या आळ्यांत झिलई नसलेली, साधी सच्छिद्र मडकी पुरली आणि वर झाकण ठेवलं. मडकी मात्र पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालली. पाणी मातीतून झिरपतं, माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी. या सगळ्या नळ्यांच्या पसाऱ्यापेक्षा स्वस्त.

२२ एप्रिल

चरांसाठी समतल रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा, काढायला शिकलो. अजून खणायचं नाही, फक्त काठ्या रोवून खुणा. दोन सारखे बांबू, वरून बांधलेले, मध्ये आडवा बांबू, टोकापासून दोरीला दगड: हा ए-फ्रेम. त्याची खूण करताना फ्रेम उभी करून आडव्या बांबूवर दोरीची जागा पेन्सिलीने आखायची, मग दोन्ही पाय अदलाबदल करून त्याच दोन जागी ठेवायची आणि पुन्हा आखायची. दोन रेघांचा मध्य म्हणजे समतल. हे केलं नाही तर बांबूची लांबी थोडी कमी-जास्त असली तरी पूर्ण रेषा एका बाजूला उतरते.

वाऱ्यात दगड हलतो, तेव्हा रेघेवर आहे की नाही हे कळत नाही. प्रत्येक पावलाला केसाएवढी चूक, आणि रेषेच्या टोकाला ती वीतभर होते. म्हणून दर दहा-बारा काठ्यांनंतर गवंड्यांची पाण्याची नळी लावून ताडून बघितलं. त्या नळीत एकही बुडबुडा नको. बुडबुडा असला तर दोन्हीकडची पातळी खोटी दिसते. आमची पहिली संपूर्ण रेषा याच कारणाने रद्द झाली.

संध्याकाळी वरच्या शेताचे काका बघायला आले. काठ्या बघून म्हणाले, "रेषा छान आलीय. पण पाणी तुमच्या त्या कोपऱ्यातनं येतं, माझ्या बांधाखालनं. एक पाऊस बघा आणि मग खणा." त्यांनी दाखवलेला कोपरा आमच्या नकाशात कोरा होता.

४ मे

नियम मोडला. शेजारी कुणाच्या तरी कामाला जेसीबी आला होता, परतताना अर्ध्या दिवसासाठी कमी पैशांत मिळत होता, काठ्या लावलेल्या होत्याच. दोन लांब चर झाले, खालच्या बाजूला मातीचा बांध. आम्हाला हाताने दोन महिने लागले असते ते दुपारच्या जेवणापर्यंत उरकलं, आणि तेव्हा खूप बरं वाटलं. यंत्राने काम करून घेताना एक गोष्ट ध्यानात येत नाही: ते ज्या वेगाने खणतं त्या वेगाने विचार करता येत नाही. मध्ये एकदा थांबून मोजावं असं वाटलं होतं, पण मीटर चालू होता.

१५ जून

पहिला मोठा पाऊस रात्री आला. सकाळी खालचा चर फुटलेला. फुटलेल्या जागेतून गाळ खालच्या वाटेने गेला, जाताना रोपवाटिकेतली रोपं आणि पिकत आलेल्या कंपोस्टचा ढीग घेऊन गेला. उन्हाळ्यातलं बरंचसं काम दोन तासांत संपलं.

पाऊस थांबल्यावर चालत जाऊन बघितलं. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. चरांना सांडवा ठेवलाच नव्हता; चर भरला की पाणी कुठून बाहेर पडेल हे आपण ठरवलं नाही तर पाणी ठरवतं. बांधाची माती सैल टाकलेली, दाबलेली नव्हती. पावसाने बसली आणि एका ठिकाणी वीतभर खचली, तिथूनच पाणी पलटलं. आणि कोपऱ्यातून काकांच्या शेतातलं पाणी आलं, जे आम्ही हिशेबात घेतलंच नव्हतं. आमच्या एकराचा पाऊस चरात मावला असता. वरच्या शेताचा मावणं शक्य नव्हतं.

१८ जून

दुरुस्ती, सगळी हाताने. उघडीप मिळाली तेवढ्यात.

फुटलेल्या जागी माती एकदम ओतली नाही. आधी कडा खरवडून ताज्या केल्या, मग वीतभर थर, थोडा ओला, लाकडाच्या ठोकळ्याने धोपटलेला, त्यावर पुढचा थर. बांध हवा होता त्याहून थोडा उंच ठेवला, बसेल म्हणून.

सांडवा चराच्या टोकाला, जिथे जमीन कधी खणलेली नाही तिथे. भरावावर सांडवा काढला तर तो स्वतःच वाहून जातो. तोंड रुंद आणि पूर्ण सपाट, बांधाच्या माथ्यापेक्षा हातभर खाली, दगडांनी बसवलेलं, पुढे गवत. रुंद असल्याने पाणी पातळ पसरतं आणि जमीन कापत नाही. सपाटपणा ए-फ्रेमने नाही, पाण्याच्या नळीनेच तपासला.

चराच्या आत ठरावीक अंतरावर मातीचे आडवे बांध ठेवले, चरापेक्षा थोडे बुटके. आता एका जागी फुटलं तरी अख्ख्या चराचं पाणी त्या एका भोकातून जाणार नाही. बांधाच्या खालच्या अंगाला वाळ्याची ठोंबं, एकमेकांपासून १० ते १५ सेंमी. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, माती शिवून धरतात, आणि तो सहसा बियांनी पसरत नाही. पण पहिला पावसाळा तो लहानच असतो, तोपर्यंत दगडांचाच आधार.

३० जून

पाऊस चालू असताना बाहेर जायचं ठरवलं. रेनकोट, रंगीत चिंध्या बांधलेल्या काठ्या, आणि पाणी जिथे वाहतं तिथे एक, जिथे साचतं तिथे वेगळ्या रंगाची. उन्हाळ्यात दिसणाऱ्या उताराशी हा नकाशा फार थोडा जुळतो. घरामागची पायवाट हीच मुख्य नाली निघाली. माणसं चालून चालून ती खोलगट झालेली. वाट हलवली, जुन्या वाटेत दगड टाकले. वरच्या चराची निम्मी लांबी निरुपयोगी आहे, तिथे पाणी येतच नाही. कोपऱ्यातल्या पाण्याला मात्र चर हवा होता आणि तिथे काहीच नव्हतं. हीच काठ्यांची फेरी मेच्या आधी होऊ शकत नव्हती, म्हणून नियम.

१२ जुलै

लागवड. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कुदळ घालण्याइतकी सुकेपर्यंत, थांबणं जड गेलं. ओल्या चिकण मातीत कुदळ घातली तर ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि ती पुढे वर्षभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून अंगठ्याने टोचायची: भुगा झाली तर कामाला लागायचं, बोटाला चिकटली तर परत घरात.

बांधांवर गिरिपुष्पाच्या काड्या आणि शेवगा, मध्ये तूर, रिकाम्या पट्ट्यांत ताग. तूर, ताग आणि गिरिपुष्प नत्र धरतात. ताग फुलायच्या सुमाराला कापून तिथेच पसरायचा, मातीत गाडलाच पाहिजे असं नाही. कायमची फळझाडं लावली नाहीत. हा नियम तरी पाळला. तुरीच्या सावलीत पुढच्या वर्षी लावू.

आच्छादनाने अर्धी रोपं वाचवली आणि काही मारली. पाला खोडाला टेकवून टाकला होता, तिथे ओल धरून खोडाची साल कुजली. आता खोडाभोवती हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी. जाड आच्छादनाखाली गोगलगायी वाढल्या. रात्री टॉर्च घेऊन वेचणं आणि ओली गोणी पसरून सकाळी तिच्या खालच्या गोळा करणं, एवढंच खरोखर उपयोगी पडलं. राखेचं कडं पहिल्या सरीत धुऊन जातं.

पत्र्याचं पाणी टाकीत घ्यायला लागलो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचा पत्रा ६० चौरस मीटर, म्हणजे २५ मिमीच्या पावसात १५०० लिटर. उडालेलं, सांडलेलं धरून १२०० तरी. पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि विष्ठा घेऊन येतं, ते वेगळं काढायला उभा पाईप लावलाय, त्यात ६० लिटर मावतं, मगच पाणी टाकीकडे वळतं. पाईपच्या बुडाला बारीक भोक ठेवा, नाहीतर दर वेळी हाताने रिकामा करावा लागतो आणि आपण विसरतो. टाकीच्या वरच्या निकासाला डासांची जाळी. ही टाकी घराशेजारी खाली, वाफ्यांची ती वर. दोन टाक्या जोडायचा मोह टाळला, पंप लागला असता.

२५ ऑगस्ट

फार लिहिण्यासारखं नाही. तण. कंबर धरली, आठवडाभर काहीच नाही. फावडं उचलताना कमरेतून वळण्यापेक्षा पाय वळवायचे, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. लांब दांड्याचं फावडं घेतलं, फरक लगेच कळला. ब्रशकटर इथे पहिल्यांदा उपयोगी पडला, तेव्हा त्याला दिलेल्या शिव्या थोड्या मागे घेतो.

२० सप्टेंबर

कोंबड्या. षट्कोनी जाळीचा फिरता खुराडा बनवला. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. एका रात्रीत दोन गेल्या, तीही खालून उकरून. आता अर्ध्या इंचाची वेल्डमेश, आणि खुराड्याच्या चारी बाजूंना तीच जाळी हातभर बाहेर जमिनीवर आडवी, दगडांनी दाबलेली. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशी उकरायला जातो, तिथे त्याला जाळीच लागते. उभी जाळी खोल पुरण्यापेक्षा ही सोपी आणि खुराडा हलवता येतो.

कोंबड्यांनी तणाची एक पट्टी अप्रतिम साफ केली. पण एका जागी जास्त ठेवल्या आणि उघड्या मातीवर पाऊस आला. पापुद्रा धरला. जागा रोज बदलायची, आणि उचलल्यावर लगेच पाला टाकायचा.

१० नोव्हेंबर

घराची भिंत. खालच्या मीटरभर उंचीला आधी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, "मजबुतीसाठी". ठोकलं की पोकळ आवाज. फोडल्यावर मागची माती ओली, बोटाने निघणारी. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून हवेत सोडते. सिमेंटने तो मार्ग बंद केला की ओल आतच राहते. सगळा गिलावा काढला आणि काही आठवडे भिंत नुसती वाळू दिली. या वाळवण्याच्या काळात काहीच करायचं नाही हेच सगळ्यात कठीण काम.

भराव आणि गिलाव्यासाठी माती किती, वाळू किती याची उत्तरं लोक छातीठोकपणे देतात, आणि ती सगळी त्यांच्या मातीची असतात. भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर चौकोन केले: एकास दोन, एकास तीन, एकास चार वाळू, सगळ्यांत बारीक कापलेला पेंढा. वाळल्यावर पहिल्याला भेगा, शेवटचा हाताला भुगा लागणारा. मधला घेतला.

वर चुन्याचा हात. दक्षिणेकडच्या उन्हाच्या भिंतीवरचा पहिला हात चार दिवसांत पिठासारखा झडू लागला. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्यात थोडी ओल टिकावी लागते. खरवडून काढला, भिंत भिजवली, पातळ हात दिला आणि समोर ओली गोणपाटं टांगली. दिवसातून काही वेळा शिंपडत राहिलो. तो टिकला. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

ओल येण्याचं मूळ मात्र पागोळ्यांत होतं. पत्र्याचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडून उडायचं. पन्हळ सलग केली आणि बुडाशी खडीची नाली. हे आधी करायला हवं, गिलावा नंतर.

७ जानेवारी

वर्षाचा जमाखर्च, आकड्यांशिवाय, कारण आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा: टाक्या, नळ्या, जेसीबी आणि जेसीबीने केलेलं दुरुस्त करणं. त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाचला असता. दुसरा अवजारांचा, त्यात ऑगर आला, निम्म्या किमतीला गेला. मग घर. बी आणि रोपं सगळ्यात कमी. काड्या आणि ठोंबं तर मागून आणली.

वेळ कुठे गेला ते लिहून ठेवलं होतं म्हणून कळलं. खणण्यात नाही, वाहण्यात. कंपोस्ट खाली, वाफे वर, शेण रस्त्याच्या कडेला उतरलेलं. प्रत्येक घमेलं चढावर. ढीग या आठवड्यात वाफ्यांच्याही वर हलवतोय, टाकीशेजारी. कच्चा माल एकदा वर चढवायचा, तयार खत उताराने येतं, आणि ढिगातून गळणारं पाणीही वाफ्यांकडेच जातं.

काकांच्या कोपऱ्यासाठी तिसऱ्या चराची रेषा आखली, या वेळी पावसातल्या काठ्यांवरून. लांबी पहिल्या दोन्हींच्या निम्मीही नाही. सांडव्याची जागा आधी बांधून झाली, खणणं हाताने फेब्रुवारीत. वरच्या चराचा कोरडा अर्धा भाग परत बुजवतोय, तीच माती इकडच्या बांधाला.

तळं परत यादीत आलंय, खालच्या कोपऱ्यात, जिथे चाचणीच्या खड्ड्यात पाणी उभं राहिलं होतं. तिथली माती चांगली आहे, जागा ओलीच असते. अडचण सांडव्याची: तिथून निघणारं पाणी खालच्या शेतात उतरतं. त्या शेतमालकांशी अजून बोलणं झालेलं नाही, त्यामुळे तिथे तूर्तास काठ्याही नाहीत.